जुना पीएस२ आणि मारिओवाला टीव्ही गेम नव्या ४के टीव्हीला कसा जोडायचा? जाणकारांनी मदत करा

बारामतीकर७९

मंडळी, घरातला २९ इंची डबा टीव्ही गेला आणि त्या जागी ५५ इंची ४के आला. मॅच, सिनेमे सगळं झकास दिसतं. पण माळ्यावरचा पीएस२ (प्लेस्टेशन २, स्लिम, इथेच दुकानातून घेतलेला) आणि त्याहून जुना पिवळ्या कॅसेटचा टीव्ही गेम मुलाला दाखवायचाय, आणि तिथे घोडं अडलंय.

टीव्हीच्या मागे तीन एचडीएमआय, अँटेनाचं एक सॉकेट आणि हेडफोनला असतं तसं एक बारीक भोक आहे, त्यावर 'एव्ही इन' लिहिलंय. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना खुपसायला जागाच नाही. म्हणून एव्ही टू एचडीएमआयचा स्वस्तातला छोटा काळा डबा ऑनलाइन मागवला. चित्र आलं, पण सगळे खेळाडू आडवे फुगलेले, स्कोअर वाचता येत नाही, आणि क्रिकेट ०७ मध्ये बटण दाबल्यावर बॅट फिरते तोवर चेंडू यष्टीरक्षकाच्या हातात. डबा टीव्हीवर मी याच गेममध्ये शतकं ठोकायचो.

प्रश्न असे: डबा खराब आहे का? महागडी केबल घेतली तर फरक पडेल का? आणि मारिओवाल्या मशीनचं काय करायचं?

तपकीरगल्ली

डबा खराब नाही, तो असाच असतो. आणि महागडी केबल घेऊ नका. केबलच्या आधी मशीन काय पाठवतंय ते बघायला लागतं. तुमच्याकडची दोन मशीनं दोन वेगळ्या जातीची आहेत, त्यामुळे उत्तरंही दोन. मी फक्त पीएस२बद्दल लिहितो.

पिवळ्या पिनेतून जातं ते कॉम्पोझिट. यात उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात. टीव्ही ते पुन्हा वेगळे करायला बघतो, पण पूर्ण वेगळे होत नाहीत. अक्षरांच्या कडेला रंगीत मुंग्या चालल्यासारख्या दिसतात त्या त्यामुळे. तुमचा काळा डबा या खिचडीपासूनच सुरुवात करतो आणि तिला ७२० किंवा १०८० ओळींपर्यंत (७२०पी, १०८०पी) ताणतो. मूळ माहितीच धूसर, तर १०८०पी लिहून काय उपयोग?

पण त्याच पीएस२च्या मागच्या सॉकेटातून कॉम्पोनंट सिग्नलही निघतो. त्यात उजेड एका तारेत, रंगांचे फरक दुसऱ्या दोन तारांत: हिरवी, निळी, लाल पिन. आवाजाच्या लाल-पांढऱ्या वेगळ्या. पिवळीवरून याच्यावर आलात की फरक चष्मा न लावताही कळतो. तुमच्या टीव्हीला कॉम्पोनंटची जागा नाही, म्हणून पीएस२ टू एचडीएमआय असा अंगठ्याएवढा अडॅप्टर मिळतो तो घ्या. तो मशीनच्या मागच्या सॉकेटात बसतो आणि वीज पीएस२च्याच यूएसबीतून घेतो. चित्र मोठं वगैरे करत नाही. कॉम्पोनंट सिग्नल डिजिटल करून एचडीएमआयवर सोडतो, बस. मोठं करायचं काम टीव्हीकडे.

एक पथ्य. अडॅप्टर लावायच्या आधी पिवळ्या पिनेवर चित्र आणा. डिस्क न घालता मशीन चालू करा, सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये कॉम्पोनंट व्हिडिओ आउट आहे, ते 'आरजीबी'वरून (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे पाठवणारा प्रकार) 'वाय सीबी/पीबी सीआर/पीआर' वर न्या. हे न करता जोडलं की रंग भलतेच येतात, आणि लोक अडॅप्टर बिघडलाय म्हणून परत पाठवतात. तिथेच स्क्रीन साइझही बघून घ्या.

हिंजवडीचा_वाघ

एवढा उपद्व्याप कशाला? लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाका, पीएस२चे गेम ४के मध्ये रेंडर होतात. पॅड ब्लूटूथवर. जुनी मशीनं शोकेसमध्ये ठेवा. विषय संपला.

बारामतीकर७९

@तपकीरगल्ली, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं, सेटिंग आजच करून ठेवतो.

@वाघ, तुमचं बरोबर असेल, पण डिस्कचं झाकण उघडायचं, सीडी पुसायची, मेमरी कार्ड खोचायचं, हे सगळं दाखवायचंय हो त्याला. लॅपटॉप तो दिवसभर बघतोच.

ठाण्याची_मीनल

बॅट उशिरा फिरण्याबद्दल. यात दोषी दोन असतात, तुमचा काळा डबा आणि टीव्ही. टीव्हीचा वाटा सहसा मोठा.

नवे टीव्ही चित्र आलं की लगेच दाखवत नाहीत. आधी ते साठवतात, आवाज (चित्रातला दाणेदारपणा, कानाला येणारा नव्हे) कमी करतात, हालचाल गुळगुळीत करायला मधल्या खोट्या फ्रेम बनवतात, कडा टोकदार करतात. सिनेमाला हे चालतं, कारण ध्वनीही तेवढाच थांबवता येतो. गेममध्ये तुमचा अंगठा थांबत नाही. सगळी प्रक्रिया चालू असेल तर उशीर १०० मिलिसेकंदांच्या वर जाऊ शकतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद, म्हणजे तुम्ही सहा फ्रेम जुना चेंडू खेळताय. यॉर्करला एवढ्यात दांडी गुल.

तेव्हा त्या एचडीएमआय इनपुटवर गेम मोड (ही बरीचशी प्रक्रिया बंद करणारं सेटिंग) हाताने चालू करा. हल्लीची कन्सोलं टीव्हीला स्वतः सांगतात की मी गेम आहे, आणि मोड आपोआप लागतो. पीएस२ला ही भाषा येत नाही. शिवाय मोड प्रत्येक इनपुटला वेगळा असतो. एचडीएमआय १ वर लावलात आणि केबल २ मध्ये खोचलीत तर काहीच बदलणार नाही.

फुगलेल्या खेळाडूंसाठी रिमोटवर पिक्चर साइझ ४:३ (डबा टीव्हीचा आकार) करा. काही स्वस्त डबे सिग्नलच १६:९ म्हणून पाठवतात, तरीही टीव्हीत ४:३ जबरदस्तीने लावता येतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. ते येऊ द्या! आमच्या घरी ह्यांना ते पट्टे बघवत नाहीत, 'एवढा मोठा टीव्ही घेऊन अर्धा रिकामा ठेवायचा का' म्हणतात. मी रिमोट लपवून ठेवते.

पेठेतला_पंख्या

मीनलताई +१. उशीर मोजायची सोपी युक्ती: मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये हातातलं बटण आणि पडदा एकाच चौकटीत धरून चित्रण करा. बटण दबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. गेम मोड चालू आणि बंद, दोन्ही करून बघा. भांडण मिटतं.

उल्का_१५किलोहर्ट्झ

आता पिवळ्या कॅसेटवाल्याबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे आणि बहुतेक लोक तिथेच पैसे वाया घालवतात.

आपल्याकडे जो 'टीव्ही गेम' म्हणून घराघरांत होता तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ मध्ये आला. आपल्याकडच्या नकला पाल पद्धतीच्या (आपली जुनी प्रसारण पद्धत; अमेरिका-जपानची एनटीएससी) टीव्हीसाठी जुळवलेल्या असायच्या. चित्राची रुंदी २५६ ठिपके, उंची २४० ओळी. हा २४० आकडा लक्षात ठेवा.

जुन्या टीव्हीचं प्रसारण आंतरगुंफित असायचं. आधी विषम ओळी, मग सम ओळी. एनटीएससीत सेकंदाला अशी ६० अर्धी चित्रं, पालमध्ये ५०. दोन अर्धी मिळून एक पूर्ण: एनटीएससीत ४८० ओळी, पालमध्ये ५७६. त्यालाच ४८०आय, ५७६आय म्हणतात. तुमच्या पीएस२चे बहुतेक गेम याच जातीचे.

फॅमिकॉमच्या काळातल्या मशीननी वेगळीच शक्कल लढवली. सिग्नलच्या वेळेत किंचित फेरफार केला, की टीव्हीचा झोत प्रत्येक वेळी त्याच ओळींवर फिरतो. सम-विषम भानगडच नाही. ओळी निम्म्या, पण प्रत्येक फेरीत एक पूर्ण चित्र. हे २४०पी. मधल्या ओळी काळ्याच राहतात, त्याच त्या आडव्या बारीक रेघा. सेगाचा मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो, पीएस१चे बरेचसे गेम, सगळे याच घराण्यातले.

आता हा सिग्नल नव्या टीव्हीत गेला की काय होतं? टीव्हीच्या पुस्तकात २४०पी नावाचा प्रकारच नाही. त्याला वाटतं हे ४८०आय आहे. मग तो लागोपाठची दोन पूर्ण वेगळी चित्रं एकाच चित्राचे अर्धे भाग समजून एकमेकांत गुंफतो. स्थिर पडद्यावर चालून जातं. पण मारिओ पळायला लागला की त्याच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी. आणि मार लागल्यावर तो लुकलुकतो ना, तो एका फ्रेममध्ये असतो, पुढच्यात नसतो. टीव्हीने दोन फ्रेम एकत्र केल्या की कधी तो पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो, कधी सरळ गायब. मशीन बिघडलेलं नाही, टीव्हीने वाचलंच चुकीचं.

वर हे गुंफायचं काम करायला टीव्हीला आधी चित्र साठवावं लागतं. म्हणजे ज्या सिग्नलला गुंफायची गरजच नव्हती, त्याच्यावरही उशीर. स्वस्त काळे डबे हीच घोडचूक टीव्हीच्या आधी करून मोकळे होतात. मग गेम मोड लावूनही उपयोग होत नाही, कारण चित्राची वाट आधीच लागलेली असते.

उपाय म्हणजे २४०पी ओळखणारा स्केलर, म्हणजे चित्र टीव्हीला समजेल अशा मापात बदलणारा डबा. सोप्यातला सोपा रेट्रोटिंक २एक्स: कॉम्पोझिट घेतो, प्रत्येक ओळ दोनदा लिहितो आणि ४८०पी करून एचडीएमआयवर देतो. पूर्ण फ्रेम साठवत नाही, त्यामुळे उशीर नगण्य. ओएसएससी नावाचा मुक्त स्रोत डबाही ओळींचीच पटीत वाढ करतो, पण मूळ ओएसएससीत कॉम्पोझिट चालत नाही. त्याला आरजीबी किंवा कॉम्पोनंट लागतं, म्हणजे तुमच्या पिवळ्या पिनेला तो कुचकामी. रेट्रोटिंक ५एक्स (२०२१) आणि ४के (२०२३) ही वरची मंडळी. ४केची किंमत मूळची ७५० डॉलर, वर पोस्टेज आणि सीमाशुल्क. तेवढ्यात दुसरा टीव्ही येतो.

हातात सोल्डरिंग गन धरता येत असेल तर जीबीएस-८२०० हा बोर्ड बघा. मुळात तो आर्केड मशीनचं चित्र व्हीजीए मॉनिटरवर आणायचा. त्याला ईएसपी८२६६ (छोटी वायफाय चिप) जोडून जीबीएस-कंट्रोल हे मुक्त सॉफ्टवेअर चढवलं की स्वस्तात चांगला स्केलर होतो. यालाही कॉम्पोझिट चालत नाही. पीएस२, निन्टेन्डो वी यांना उत्तम.

हिंजवडीचा_वाघ

म्हणजे पिवळी कॅसेट मरूद्या, बरोबर ना?

उल्का_१५किलोहर्ट्झ

नाही हो. आधी एव्हीच्या बारीक भोकात टीव्हीची स्वतःची वायर लावून बघा. काही टीव्हीचं अॅनालॉग सर्किट या सहाशे-सातशे रुपयांच्या डब्यांपेक्षा बरं असतं. काहींचं नसतं, आणि काही टीव्हीत एव्ही इनपुटला गेम मोडच मिळत नाही. फुकट प्रयोग आहे. पटलं नाही तर पुढचा खर्च.

लंडनकर_जोशी

इकडचा अनुभव सांगतो. युरोपात जुन्या टीव्हीला २१ पिनांचं चपटं स्कार्ट सॉकेट असायचं. फ्रान्सने १९८० पासून ते बंधनकारकच केलं होतं. त्यातून आरजीबी थेट जातं, त्यामुळे इथल्या लोकांना कॉम्पोनंट फारसं माहीत नाही. भारतातून पीएस२ घेऊन येणाऱ्यांनी इथे आरजीबी स्कार्ट केबल घ्यावी, ती सहज मिळते.

सावधान एकच. स्कार्ट टू एचडीएमआय म्हणून जे स्वस्त डबे मिळतात, त्यातले बरेच स्कार्टमधल्या फक्त कॉम्पोझिट पिनेकडे बघतात आणि आरजीबीच्या पिना तशाच सोडून देतात. सॉकेट ऐटबाज, आत तीच पिवळी पिन. वर्णनात आरजीबीचा स्पष्ट उल्लेख नसेल तर घेऊ नका.

गोट्या_सांगलीकर

मोठ्यांनो, डक हंटची बंदूक नव्या टीव्हीवर चालतच नाही. लाइट लागतोय, गेम चालू आहे, बदक काही पडत नाही. बंदूक गेली का?

उल्का_१५किलोहर्ट्झ

गोट्या, बंदूक बहुधा ठणठणीत असेल. बंदुकीतून काहीच निघत नाही रे, तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. चाप ओढलास की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. डोळ्याला त्याच क्षणी उजेड दिसला तर बदक पडलं. आता नवा टीव्ही तो चौकोन काही फ्रेम उशिरा दाखवतो, तोवर गेमने 'नेम चुकला' असं ठरवलेलं असतं. शिवाय मूळ बंदुकीतलं सर्किट पिक्चर ट्यूबच्या १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकण्यालाच दाद देतं, एलसीडीचा सपाट उजेड त्याला उजेडच वाटत नाही. कुठलाही स्केलर लावला तरी हे जमत नाही. पीएस२च्या जी-कॉन २ बंदुकीचंही तेच, ती व्हिडिओ सिग्नलवरून झोताची वेळ मोजते. डबा टीव्ही शोध.

कॅमेऱ्यावर चालणाऱ्या सिंडेनसारख्या बंदुका आहेत, पण त्या कॉम्प्युटरवर, एम्युलेटरसोबत. वाघ खूश होतील.

हिंजवडीचा_वाघ

झालो!

संभाजीनगरचा_रंजन

शेवटी आलातच ना डब्यावर? मी मघापासून गप्प वाचतोय. आमच्या गावात पैठण रस्त्याला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, घरोघर त्यांचाच टीव्ही. भंगारवाल्याकडे २१ इंची अजून दिसतो, चालू असला तर काही शे रुपयांत सुटतो. ना गेम मोड, ना स्केलर, ना ४:३ची भानगड. पिवळी पिन लावा आणि खेळा.

घेताना दोन गोष्टी. मागे किंवा पुढे एव्हीच्या पिना आहेत ना ते बघा. आणि एनटीएससी लावून बघा. फार जुना सेट असेल तर अमेरिकेतून आणलेल्या मशीनचं चित्र काळं-पांढरं येतं, कारण पालचा रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर आणि एनटीएससीचा ३.५८ वर. नंतरच्या बहुतेक सेटना दोन्ही चालतात. आणि स्वतः उघडू नका. प्लग काढलेला असला तरी ट्यूबमध्ये विजेचा जबर दाब साठून राहू शकतो. मेकॅनिककडे न्या, उरलेत ते अजून.

ठाण्याची_मीनल

रंजनभाऊ, मुंबईत वन बीएचकेमध्ये तो २५-३० किलोचा डबा ठेवायचा कुठे ते पण सांगा. देवघराच्या जागी?

पेठेतला_पंख्या

एक उलटं मत मांडतो. सगळे पिवळ्या पिनेला शिव्या घालताय, पण काही गेम त्या धूसरपणासाठीच काढलेले होते. मेगा ड्राइव्हवरच्या सॉनिकमधला धबधबा घ्या. मशीनला पारदर्शक पाणी दाखवता येत नव्हतं, म्हणून चित्रकारांनी एकाआड एक उभ्या रेघा काढल्या. कॉम्पोझिटमध्ये त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पाण्यापलीकडचं दिसतं. आरजीबीवर स्वच्छ चित्र आणलंत की धबधबा जाऊन उभे गज दिसतात. तेव्हा पिक्सेल मोजत बसणाऱ्यांनी जरा दमानं.

तपकीरगल्ली

मान्य, पण हे मेगा ड्राइव्हला लागू. क्रिकेट ०७ मधला स्कोअर धूसर दिसावा असं कुणाचं कलात्मक धोरण नव्हतं :)

नाशिकची_द्राक्षं

माझ्याकडे निन्टेन्डो वी आहे, भावाने न्यू जर्सीहून पाठवलेलं. त्याचं काय?

तपकीरगल्ली

ताई, वी सोपं आहे. वी टू एचडीएमआय अडॅप्टर लावा आणि वीच्या सेटिंगमध्ये स्क्रीन, टीव्ही रिझोल्यूशन, ४८०पी करा. सरळ ४८०पी निघतं, गुंफायचा प्रश्नच नाही, टीव्ही आनंदाने घेतो. फक्त तिकडच्या वीजपुरवठ्याच्या ठोकळ्यावर १२० व्होल्ट लिहिलं असेल तर इथे थेट लावू नका, आपल्याकडे २३० आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा इथला ठोकळा. वायर-डबे नंतर, जुन्या मशीनचं हे लेबल आधी वाचायचं.

बारामतीकर७९

अडॅप्टर आला, सेटिंग आधीच केलेलं होतं. चित्र पहिल्या झटक्यात आलं! पिवळ्या पिनेच्या मानाने जमीन-अस्मानाचा फरक. गेम मोड आणि ४:३ लावलं, बॅट वेळेवर फिरतेय. डबा टीव्हीएवढं चपळ नाही, पण कव्हर ड्राइव्ह निघतो. मुलगा म्हणाला, 'बाबा, यांना चेहरे का नाहीत?'

पण एक नवीन. पीएस१ची एक जुनी डिस्क घातली. पीएस२चा लोगो दिसला आणि मग पडद्यावर 'नो सिग्नल'. आवाज पण नाही. डिस्क खराब? पिवळ्या पिनेवर मात्र तीच डिस्क चालते.

उल्का_१५किलोहर्ट्झ

डिस्क ठीक आहे. पीएस२चा मेनू ५७६आय, तो तुमच्या टीव्हीने घेतला. पीएस१ची डिस्क सुरू झाली की मशीन २४०पीच्या जातीचं चित्र पाठवतं (पालमध्ये २८८ ओळी). अडॅप्टर बिचारा आलेलं तसंच पुढे ढकलतो. पिवळ्या पिनेवर टीव्ही निदान गैरसमज करून घेऊन काहीतरी दाखवतो, एचडीएमआयवर मात्र अनोळखी आकडा दिसला की बरेच टीव्ही सरळ दार लावतात.

पीएस१साठी पिवळी पिन आणि एव्हीचं भोक वापरा. पुढेमागे कॅसेटवाल्यासाठी २४०पी ओळखणारा स्केलर घेतलात तर हाही प्रश्न त्यातच सुटेल, म्हणून दोन्हीसाठी एकच घ्या. आत्ता घाई नको.

गोट्या_सांगलीकर

त्या एव्हीच्या भोकात मी जुन्या कॅमेऱ्याची पिवळी-लाल-पांढरी वायर लावली, तर चित्र नाही, नुसता घर्रर्र आवाज.

तपकीरगल्ली

त्या बारीक पिनेवर चार कडी असतात आणि कुठल्या कडीवर चित्र, कुठल्यावर जमीन (ग्राउंड), हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. घर्रर्र म्हणजे चित्राचा सिग्नल स्पीकरकडे चाललाय. मशीनची पिवळी पिन वायरच्या लाल टोकात लाव, नाहीतर पांढऱ्या. चित्र आलं की उरलेल्या दोनात आवाज. तिन्हींत नाही आलं तर जमिनीची कडीच वेगळी आहे, मग टीव्हीच्या मॉडेलचा नंबर घेऊन दुकानात जा, शंभर-दीडशेत बरोबर वायर मिळेल.

आणि मशीन अँटेनाच्या वायरवालं असेल तर गेम चालू ठेवून टीव्हीत अॅनालॉग चॅनेलचा ऑटो सर्च लाव. गेम बंद असताना लावलास तर काहीच सापडणार नाही.

गोट्या_सांगलीकर

लाल टोकात आलं! पण मारिओ उजव्या कडेला रंगीत कचरा ओढत चाललाय, मारिओ ३ मध्ये.

उल्का_१५किलोहर्ट्झ

तो कचरा पहिल्यापासून आहे. डबा टीव्ही चित्राच्या कडा चौकटीमागे झाकायचा, म्हणून दिसला नाही. टीव्हीत ओव्हरस्कॅन (कडा पडद्याबाहेर ढकलणारं सेटिंग) चालू कर.